तुमच्या नावाचा नवा कूलर

१४ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपारची नमाज आटोपल्यावर. अल हैल, तुमच्याच घरचा हॉल.

हजर: हमीदाभाभी. तुमचा समीर, सकाळीच सूरहून गाडी चालवत आलेला. वरच्या मजल्यावरचे राणेसाहेब. एसी दुरुस्त करणारा विजय, कामाच्या शर्टातच, कारण मधूनच उठून जायचं होतं. आणि मी.

भाई, तुम्ही गेल्यानंतरची आपल्या बिल्डिंगची ही पहिली बैठक. ती नेहमीसारखीच झाली. चहा झाला, ठराव झाला, काम कुणी घेतलं नाही.

ठराव असा. मागच्या गल्लीत आपल्या कंपाउंडच्या भिंतीला जो थंड पाण्याचा कूलर आहे, त्याच्या शेजारी तुमच्या नावाने आणखी एक कूलर बसवायचा. स्टीलचा, चार नळांचा, वर पितळी पाटी. राणेसाहेबांनी सुचवलं, विजयने लगेच होकार दिला, समीर खाली मान घालून "थँक यू, अंकल" म्हणाला. भाभी ओढणीने डोळे पुसत होत्या. सगळं मनापासून चाललं होतं, खोटं त्यात काही नव्हतं. म्हणून तर माझा जास्त संताप झाला.

मी विचारलं, "आहे त्या कूलरची टाकी कोण धुणार?"

राणेसाहेबांनी कप खाली ठेवला. "मॅडम, आज तरी यादी नको."

"यादी आणलीच नाहीये. एक नाव विचारतेय."

"अर्बाबला सांगू ना. बिल्डिंग त्याची, कूलर त्याच्या वडिलांच्या नावाचा. पाठवेल कुणाला तरी. इन्शाल्ला."

तुम्ही असतात तर या शब्दावर खुर्चीत पुढे सरकला असतात. "राणे, इन्शाल्ला म्हणजे मी करीन, बाकी अल्लाच्या हातात. तुमचा इन्शाल्ला उलटा आहे. करायचं त्यानं, बघायचं तुम्ही." हे मला म्हणता आलं नाही. तुमच्या तोंडी ते चालायचं. मी म्हटलं असतं तर भांडण झालं असतं, आणि भाभींच्या घरात आज भांडण नको होतं.

तुम्ही सबील म्हणायचात, मी पाणपोई. शब्दांवरून आपलं कधी वाजलं नाही, कारण दोन्हीकडचा रोग एकच आहे हे तुम्हीच मला दाखवलं होतं. तुम्ही तिकडे कोकणात नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक होतात तेव्हाचा किस्सा. एसटी स्टँडवर तीन पाणपोया, तिन्हींवर कुणा ना कुणाच्या स्मरणार्थ अशी संगमरवरी पाटी, आणि तिन्हींचे नळ कोरडे. चौथी बांधायला एक माणूस अर्ज घेऊन आला. तुम्ही त्याला म्हणालात, "बापाचं नाव राखायचंय ना? मग पहिल्या पाणपोईचा नळ बदल. तिच्यावर ज्याचं नाव आहे तोही दुवा देईल." माणूस चिडून नगराध्यक्षांकडे गेला. चौथी झाली. पाणी उद्घाटनापुरतं आलं. प्रत्येक वेळी शेवटी तुम्ही म्हणायचात, "बाय, पाणी ठेवणारे पुष्कळ. टाकी धुणारा दाखव."

आता पाचवी तुमच्या नावाने होतेय, भाई. किस्सा सांगायला तुम्ही नाही, आणि ऐकलेले सगळे हो म्हणणाऱ्यांत होते.

आपली ओळख माझ्या सईच्या काविळीत झाली. आम्ही इथे आखातात नवीन होतो. शेजारच्या बायका मऊ भात, उसाचा रस, कुणी अंगारा घेऊन येत होत्या. तुम्ही रिकाम्या हाताने आलात, खुर्ची ओढलीत आणि माझ्याशी न बोलता थेट पोरीला विचारलंत, "बाहेर बर्फ कुठं खाल्लास गो?" सई तेव्हाही अर्धं इंग्रजीच बोलायची. ती म्हणाली, "बर्थडेला, अंकल. गोला होता. रेड वाला." मला तुमचा राग आला होता. माझी मुलगी पिवळी पडून झोपली आहे आणि हा कंपनीच्या कामगारांचा कॅम्प सांभाळणारा माणूस चौकशी लावतोय.

तुम्ही उठून गेलात ते वाढदिवसाला गेलेल्या इतर मुलांच्या घरी. त्यांतलंही कुणी कुणी अंथरुणात होतं. मग जिथे तो वाढदिवस झाला त्या घरी जाऊन तुम्ही त्यांची पाण्याची टाकी उघडायला लावलीत आणि धुऊन दिलीत. ते लोक तुमच्याशी पुन्हा बोलले नाहीत. त्यांना तो अपमान वाटला. तुम्ही मला फक्त एवढंच सांगितलंत, "पोर बरी होईल. पण टाकी तशीच राहिली असती तर पुढच्या वाढदिवसाला दुसऱ्याची पोर."

सई आता पुण्यात शिकते. मैत्रिणी तिला हसतात, कारण कुठेही गेली तरी आधी पाणी कुठलं ते विचारते. तुम्ही गेल्याची बातमी मी तिला फोनवर सांगितली. ती म्हणाली, "आई, रेड वाला गोला अंकल." तुमच्याबद्दल एवढं एक वाक्य बोलून ती रडली.

कूलरची टाकी तुम्ही पहिल्यांदा उघडलीत तेव्हा टॉर्च धरायला मी होते. पंपाच्या खोलीवर ती छोटी प्लास्टिकची टाकी, उन्हाने वाकडं झालेलं झाकण, आत हिरवं बुळबुळीत शेवाळ, तळाशी गाळ आणि गाळात एक पाल. बाहेरून कूलर चकचकीत. तुम्ही शिडीवरूनच म्हणालात, "पाणी थंड असलं की माणसाला स्वच्छ वाटतं. सगळी लबाडी थंडाव्याची आहे."

त्या कूलरचं पाणी बिल्डिंगमधलं कुणीच पीत नाही. आपल्या घरात मोठ्या बाटल्या येतात. तिथे पितात ते गल्ली झाडणारे, बाईकवरून जेवण पोचवणारे, समोरच्या बांधकामावरचे. उन्हाळ्यात दुपारी त्या नळांपुढे रांग लागते. तुम्ही त्या रांगेतल्या माणसांना नावानिशी ओळखत होतात. मला त्यांच्या गणवेशांचे रंग तेवढे माहीत.

त्या दिवसापासून दर शुक्रवारी सकाळी, नमाजेला जायच्या आधी, तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, डोक्याला रुमाल बांधून, लांब दांड्याचा ब्रश घेऊन शिडी चढायचात. आधी पाणी सोडून द्यायचं, मग घासायचं, मग क्लोरीन, मग पुन्हा धुवायचं. मी खाली शिडी धरून सांगायची, "डावीकडचा कोपरा राहिला." तुम्ही म्हणायचात, "खालून कोपरा दिसतो कसा हिला? ये वर." मला चक्कर येते शिडीवर, हे तुम्हाला माहीत होतं. तरी दर शुक्रवारी म्हणायचात.

मी पाळ्या लावल्या. प्रत्येक घराला एक शुक्रवार. शाळेच्या ऑफिसात मी बसगाड्यांच्या पाळ्या लावते, त्यामुळे हे मला जमतं असा माझा समज होता. सगळ्यांनी हसत सह्या केल्या. राणेसाहेब त्यांच्या शुक्रवारी खरंच आले, ब्रश हातात घेऊन फोटो काढला, तो ग्रुपवर टाकला आणि पाठ धरली म्हणून खाली बसले. टाकी तुम्हीच धुतलीत. विजयला शुक्रवारीच एसीचे सगळे कॉल असतात, ते खरंही आहे. बाकीचे कुणी सलालाहला, कुणी झोपेत. प्रत्येक वेळी ज्याची पाळी त्याचं दार वाजवायला मी निघायची आणि तुम्ही मला अडवायचात. "असू दे गो. मी चढलोच आहे."

इथेच आपलं भांडण होतं, भाई, आणि ते मिटलेलं नाही. मी आज ते पुन्हा काढणार आहे. तुम्ही गेलात म्हणून मी माघार घेणार नाही.

भांडणाचं मूळ त्या इंग्रजी खोक्यात. तुमच्या कंपनीतला म्हातारा इंग्रज इंजिनियर कायमचा घरी परतला तेव्हा सामान वाटताना त्याने तुम्हाला एक खोकं दिलं. त्याचे वडील इंग्लंडमधल्या एका लहानशा बरोमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, आरोग्य खात्यात होते. पन्नासच्या दशकातले तिथले वार्षिक आरोग्य अहवाल त्या खोक्यात होते. दुसऱ्या कुणी ते रद्दीत घातले असते. तुम्ही ते कादंबरीसारखे वाचलेत. दुधाचे नमुने, बेकरीतले उंदीर, गोवर, क्षयासाठी फिरणारी एक्स-रेची गाडी, घरामागच्या अंगणातले संडास. पान उघडून मला दाखवायचात, "बघ, साहेबाच्या देशात पण पाच घरांत एक नळ. आणि आम्हाला वाटायचं, हे जन्मले तेच फ्लश ओढत."

त्या बरोमध्ये एक मागची गल्ली होती. तिथलं गटार तुंबायचं आणि सगळ्यांच्या सामाईक नळापाशी घाण साचायची. आरोग्य अधिकाऱ्याने त्याबद्दल लिहिलं होतं. पुढच्या वर्षी पुन्हा लिहिलं. त्याच्या पुढच्याही. दर अहवालात तीच गल्ली, काम बाकी आहे. तुम्हाला त्या माणसाचं फार कौतुक. झालेल्या कामांच्या पंक्तीत न झालेलं काम बसवायला छाती लागते, असं तुमचं म्हणणं. आपल्याकडच्या अहवालात सगळंच पूर्ण असतं.

मी म्हटलं, "मग तुम्ही त्याच्याकडून काय शिकलात? तो बादली घेऊन गटार उपसायला गेला नाही. ते काम नगरपालिकेचं, म्हणून तो लिहीत राहिला. तुम्ही मात्र दर शुक्रवारी शिडी चढता आणि सगळ्यांना मोकळं करता. एक महिना चढू नका. पाण्याला वास येऊ दे. मग बघा कसे येतात."

तुम्ही चष्मा काढलात. "वास कुणाला येणार?"

चष्मा पुसत तुम्हीच पुढे बोललात.

"राणेला येणार? तुला येणार? तुम्ही बाटलीचं पिता. शिक्षा करायची बिल्डिंगला, आणि जुलाब व्हायचे झाडूवाल्याला? त्याचा एक दिवस बुडला तर पगार कापतात, बाय."

"आणि तुम्ही नसाल तेव्हा?"

"तेव्हा तू लिहीत राहा. तो साहेब लिहायचा तशी."

"मी लिहायचं आणि टाकी?"

"त्या गल्लीतली पोरं पण हेच विचारत असणार," असं म्हणून तुम्ही हसलात, आणि अहवाल मिटवून ठेवलात. त्या गल्लीचं शेवटी काय झालं ते आपल्याला कळलंच नाही. पुढच्या वर्षांचे अहवाल खोक्यात नव्हते. तुम्ही म्हणायचात, दुरुस्त झालीच असणार, एवढं लिहिल्यावर. मी म्हणायची, लिहून नाही, कुणाच्या तरी नावावर काम घातल्यावर झाली असेल. यावर पुढच्या शुक्रवारी बोलायचं होतं.

तो शुक्रवार आला तेव्हा तुमचं दफन होऊन गेलेलं होतं.

आणि मी बरोबर ठरले. हे लिहिताना मला तुमचा इतका राग येतोय, भाई, की काय सांगू. तुम्ही गेल्यापासून एकाही शुक्रवारी टाकी धुतलेली नाही. कुणाला आठवलंसुद्धा नाही, कारण सह्या करूनही ते काम आपलं आहे असं कुणाला कधी वाटलंच नव्हतं. तुम्ही ते इतक्या गुपचूप, इतक्या सकाळी, इतक्या हसतमुखाने करत होतात की सगळ्यांना वाटलं, कूलरचं पाणी आपोआपच स्वच्छ असतं. मी कितीदा सांगितलं होतं. पण बरोबर ठरल्याचं मला कुणी येऊन सांगणार असेल तर ते तुम्ही सांगायला हवं होतं, चष्मा काढून, "हां बाय, जिंकलीस," असं. बाकी कुणाशी मला हे भांडायचंच नव्हतं.

मागच्या आठवड्यात मी विजयला संध्याकाळी पकडलं आणि टाकी उघडायला लावली. त्याने टॉर्च मारला, आत पाहिलं आणि झाकण ठेवलं. "ताई, हिरवी होतेय." उतरून त्याने माझ्यासमोर कूलरचा कॉक बंद केला. मी नळांवर कागद चिकटवला, हिंदीत आणि इंग्रजीत, पाणी पिऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना गल्ली झाडणारा तो उंच बांगलादेशी माणूस नळ फिरवून बघत होता. कागद त्याला वाचता येत नव्हता.

"दीदी, पानी नहीं?"

"टंकी खराब है."

"वो भाईसाब को बोलो ना. वो साफ करता है." मग थांबून म्हणाला, "छुट्टी गया क्या?"

मी म्हटलं, हो, गेले. याहून जास्त मला जमलं नाही. नाव विचारायचंही राहिलं. तुम्हाला त्याचं नाव माहीत असणार.

तेव्हापासून मी रोज सकाळी घरातली मोठी बाटली स्टुलावर कूलरशेजारी ठेवते, खाली नळ असलेली. दुपारपर्यंत रिकामी होते. म्हणजे बघा, तुमच्याशी एवढं भांडून मीही शेवटी बिल्डिंगला मोकळंच केलं. राणेसाहेब परवा लिफ्टमध्ये म्हणाले, "छान केलंत हो मॅडम, बाटलीचं." मला लिफ्टमधून मधेच उतरून जावंसं वाटलं.

आता आजचं. बैठक उठली. विजयला फोन आला, तो चपला घालत होता. भाभी आत गेल्या आणि ब्रश घेऊन आल्या. तुमचा तो लांब दांड्याचा ब्रश, धुतलेला, सुकवलेला, तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली. सगळ्यांसमोर त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"ते म्हणायचे, बाय आहे."

एवढंच. त्यांच्या हातात तो परत कसा देणार? मी घेतला. आणि राणेसाहेबांचा चेहरा असा खुलला, भाई, तुम्ही बघायला हवा होता. "चला," ते म्हणाले, "म्हणजे तो प्रश्न सुटला." विजयनेही मान डोलावली. समीर तेवढा माझ्याकडे बघत होता. त्याचं मराठी अडखळतं, पण तो दारापर्यंत आला आणि म्हणाला, "आंटी, हे बरोबर नाही ना? मी फ्रायडेला येऊ शकतो. एव्हरी फ्रायडे नाही. सूर लांब आहे. पण मी येतो." तुमचा मुलगा आहे. स्वतःच शिडी चढायला निघाला.

मी त्याला म्हटलं, "तू पाटीचं थांबव. आधी पाण्याचं होऊ दे, पाटीचं नंतर बघू." तो म्हणाला, अम्मीला वाईट वाटेल. भाभींना त्या पाटीवर तुमचं नाव बघायचंय. तुमच्या सगळ्या किश्श्यांपुढे हे एक उत्तर मला सापडत नाही. तुम्हालाही सापडलं नसतं. तुम्ही तर त्या बाईला कधी नाही म्हणाला नाहीत.

ब्रश मी घरी नेला नाही. खाली लॉबीत सूचनांच्या फळ्याशेजारी खिळा आहे, त्यावर टांगला. पिशवी काढून. आल्या-गेल्याला दिसला पाहिजे. फळ्यावर येत्या शुक्रवारांचा कागद लावला. पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलं. चक्कर येते तर येऊ दे, शिडी धरायला दुसऱ्या ओळीतला माणूस लागेल. तो माणूस सही करेल तेव्हाच मी चढणार. तुमच्यासारखी एकटी चढणार नाही. हे माझं तुम्हाला उत्तर, आणि ते तुम्हाला पटणार नाही हे मला ठाऊक आहे. तोवर बाटली ठेवत राहीन, तेही तुम्हाला ठाऊक आहे.

संध्याकाळी कचरा टाकायला खाली गेले तेव्हा राणेसाहेब फळ्यापुढे उभे होते. कागद वाचत होते. खिशाला पेन होतं. मला पाहून म्हणाले, "ब्रश इथं बरा नाही दिसत, मॅडम. पाहुणे येतात." आणि लिफ्टमध्ये शिरले.

कागदाची दुसरी ओळ रिकामी आहे. कॉक बंद आहे. टाकी धुतलेली नाही, भाई. काम बाकी आहे.